लाल दोऱ्याचं पिल्लू

माझे वडील वस्तू नाकारण्यात तरबेज होते. मोरिवलीच्या अंगाला असलेल्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते, आणि दिवसभर तिथे नाकारून मन भरत नसे म्हणून की काय, घरी येऊनही ते तेच काम चालू ठेवत. आईने आणलेली वांगी ते एकेक करून खिडकीच्या उजेडात धरत. नवा बल्ब, नवी छत्री, माझे शाळेचे बूट, सगळं आधी त्यांच्या हाताखालून जाई. कारखान्यात पसंत मालाला हिरवी खूण आणि नापसंत मालाला लाल खूण असे. तीच पद्धत त्यांनी घरात आणली होती. धार गेलेली कात्री, गळकी बादली, दुकानदाराला परत द्यायची इस्त्री, यांना लाल दोरा बांधलेला असायचा. मी अक्षरं शिकायच्या आधी ही खूण शिकले. आमच्या घरात लाल दोरा म्हणजे उपयोगाचं नाही, बाजूला काढा.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण या दोऱ्यावरून झालं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आम्ही अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी तिसरीत गेले त्या वर्षी आईला बदलापूरच्या एका शाळेत नोकरी लागली. त्याआधी कित्येक वर्षं तिने बदली शिक्षिका म्हणूनच काढली होती. कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की ही जायची, ती बाई परत आली की ही घरी. आता पहिल्यांदा जागा कायमची होती. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी तिने ते आधी देवापुढे ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग पुन्हा बाहेर काढून वाचलं. अडचण एकच होती. तिची शाळा दुपारची आणि माझी सकाळची. मी साडेबाराला घरी यायची तेव्हा ती निघून गेलेली असायची, आणि साडेपाचला बाबा येईपर्यंत घरात मी एकटी.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आईने घराची किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. दोरा लाल होता. मी तो पाहिला आणि किल्ली फ्रॉकच्या आत सरकवली.

मला एकटीला घरात राहता येईना. आज सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र जीव मुठीत धरून असायची. दुपारी दोनच्या सुमाराला भिंतीतल्या नळातून घर्र घर्र असा आवाज यायचा, भिंतीच्या आत कुणी गुळण्या करतंय असं वाटायचं. स्वयंपाकघरात पाण्याचा पत्र्याचा मोठा ड्रम होता, तो मधूनच आपला आपण टण्ण करून वाजायचा. पहिल्या दिवशी तो वाजला आणि मी जी बाहेर पळाले ती पुन्हा आत गेले नाही. बाहेरून कुलूप लावलं आणि जिन्यात बसले. मग रोजच तसं सुरू झालं. जिन्यातच डबा खायची, जिन्यातच गृहपाठ करायची. कुणाच्या चपला वाजल्या की उठून उभी राहायची आणि आत्ताच कुलूप उघडतेय असं दाखवायची. बाबा यायच्या जरा आधी दार उघडून आत जायची. अभिनय मला चांगला जमायचा.

सप्टेंबरात एका दुपारी मी कठड्याला डोकं टेकून झोपले आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला पाहिलं. त्यांनी मला आपल्या घरी नेऊन बसवलं. तसं पुढे आठवडाभर बसवलंही, पण त्यांची दुपारची झोप मोडायला लागली आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं. दोष त्यांचा नव्हता. मी सारखी 'काकू, हा कसला आवाज?' असं विचारत असायची.

शेवटी काकूंनी बाबांना सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "हे चालणार नाही. पोरगी जिन्यात बसते. लोक काय म्हणतील ते सोड, उद्या कुणी उचलून नेली तर?"

आई म्हणाली, "सवय होईल तिला."

"चार महिन्यांत झाली नाही. दिवाळीनंतर होणारेय? सुट्टीनंतर शाळा सुरू व्हायच्या आत तू राजीनामा देऊन टाक."

आई भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने वहीचं मधलं पान फाडलं, आणि पोळ्या झाल्यावर राजीनाम्याचा कच्चा मजकूर लिहून काढला. मग तो टेबलाच्या खणात ठेवला. मी त्या रात्री शपथ घेतली की उद्या घरात राहायचं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जिन्यात होते. स्वतःचा इतका राग मला नंतर आयुष्यात क्वचितच आला असेल. एवढी मोठी आई माझ्यामुळे पुन्हा घरी बसणार होती, तेही एका ड्रमला घाबरून.

कुत्र्याची कल्पना आईची. ती साड्यांना फॉल-पिको करून घ्यायला उल्हासनगरच्या एका सिंधी आंटीकडे जायची. आंटीच्या घरी पामेरियन कुत्री व्यायली होती. पिल्लांचा बाप कुणा नातेवाइकाचा परदेशी कुत्रा होता, पूडल नावाच्या जातीचा. हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पिल्लं छोटीच राहणार, जास्त भुंकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे केस गळत नाहीत, असं आंटी म्हणाली होती. आईने हे सगळं बाबांना जेवताना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "घरात काहीतरी जिवंत असलं की तिला धीर येईल. दिवाळीपर्यंत बघू या. नाहीच जमलं तर पत्र आहेच खणात."

"केस गळत नाहीत हे लेखी देणारेय का ती?" बाबा म्हणाले. पण येत्या रविवारी इन्स्पेक्शनला जायचं कबूल झाले.

इन्स्पेक्शन हाच शब्द त्यांनी वापरला. शर्टाच्या खिशात टेप, विजेरी आणि घडी घातलेला कोरा कागद घेऊन ते निघाले. आंटीच्या घरात पाऊल टाकताच समोर पापड आणि पाणी आलं. तो त्यांचा रिवाज, पापड खाल्ल्याशिवाय बोलायचंच नाही. खोलीत शिवणयंत्र, भिंतीवर शेकडो रंगांच्या दोऱ्यांची रिळं, आणि यंत्राखाली साबणाच्या खोक्यात पिल्लं. चारांपैकी दोन आधीच दुसऱ्यांना कबूल केलेली होती. निवड करायची ती उरलेल्या दोघांतून.

एक पांढरंशुभ्र होतं, केस सरळ, कान दोन्ही सारखे. दुसरं पातळ चहाच्या रंगाचं, अंगभर कुरळं, एक कान पुढे पडलेला आणि दुसरा मागे. बाबांनी दोघांची लांबी टेपने मोजली. दात पाहिले, डोळ्यांत विजेरी मारली. आपली काळी लोकरीची शाल त्यांनी मुद्दाम आणली होती, तिच्यावर दोघांना घासून केस पडतात का तेही पाहिलं. पांढऱ्याचे थोडे पडले, चहावाल्याचा एकही पडला नाही. तेवढ्यात मला आशा वाटली. मग बाबांनी आंटीकडून एक स्टीलची थाळी मागून घेतली आणि पिल्लांच्या मागे जमिनीवर आपटली.

पांढरं पिल्लू वळलं, थाळीपाशी धावत गेलं आणि तिला चाटायला लागलं. कुरळं पिल्लू जागच्या जागी उडालं, दोन पायांत तोंड घालून थरथरलं, आणि मग सरपटत माझ्यापाशी येऊन माझ्या पावलावर बसलं. त्याच्या पोटाची धडधड मला बोटांना जाणवत होती. मला तेच हवं होतं. अगदी तेच, दुसरं कुठलंही नको होतं.

बाबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "हे नको. घाबरट आहे. घरात एक आहे तेवढं पुरे."

आंटीला हे विनोदाने म्हटल्यासारखं वाटलं असावं, ती हसली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पावलावरचं पिल्लू बघत बसले.

पिल्लं अजून आईवेगळी करण्याजोगी झाली नव्हती, काही आठवडे तिथेच राहणार होती. तेव्हा घोटाळा नको म्हणून बाबांनी आंटीच्या भिंतीवरून दोन रिळं मागून घेतली, आणि पांढऱ्याच्या गळ्यात हिरवा दोरा बांधला, कुरळ्याच्या गळ्यात लाल. जगात कुणालाही यातून काय समजायचं ते समजेल, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी समजावून सांगितलं नाही, आंटीनेही विचारलं नाही. खुणा पक्क्या झाल्या म्हणून दोघंही खूश होती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दारात आंटी हजर. एका हातात आईच्या फॉल लावलेल्या साड्या, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. "दशहरा है, अच्छा दिन है, मैंने बोला आजच देऊन टाकते," असं म्हणत तिने टोपली उघडली. आतून एक पुढे पडलेला कान आणि एक मागे पडलेला कान वर आले. गळ्यात लाल दोरा.

बाबा पूजेला बसले होते. पाटावर माझी पाटी, आईची पुस्तकं, आणि त्यांची टेप, मायक्रोमीटर, पाने वगैरे हत्यारं मांडलेली होती. ते तसेच अर्धवट उठले. "आंटी, हे नव्हतं सांगितलं. हे रिजेक्ट केलेलं."

"रिजेक्ट? आपनेच तो लाल धागा बांधा था ना भाऊ?"

"लाल म्हणजे रिजेक्टच! पांढरं कुठेय? हिरवं?"

"वो सफेदवाला तो परसों ठाणे के लोग ले गए. मैंने सोचा, हरा बांधा मतलब किसी को भी दे दो." आंटी आता खरोखर गोंधळली होती. "लाल तो शगुन का होता है. पूजा में लाल, शादी में लाल. आप बताओ, आपके इस फीते पे अभी क्या लगाया है?"

बाबांनी वळून पाटाकडे पाहिलं. टेपवर ठसठशीत कुंकू होतं, मायक्रोमीटरवरही होतं, आणि ते त्यांनी स्वतःच दोन मिनिटांपूर्वी लावलं होतं. त्यांनी टेप उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. आई तोंडाला पदर लावून उभी होती, आणि पदराआड काय चाललंय ते मला बरोबर कळत होतं.

"दसऱ्याला दारी आलेलं परत पाठवायचं नाही," ती म्हणाली. "राहू दे अहो."

"दिवाळीपर्यंत," बाबा म्हणाले. "ठरलंय तेवढंच."

त्या पिल्लाचं आम्ही नाव ठेवलं होतं, पण ते इथे सांगत नाही. पुढे शेजारच्या घरी जावई आला तो नेमका त्याच नावाचा निघाला, आणि तेव्हापासून ते नाव मोठ्याने घ्यायची पंचाईत झाली. सोसायटीत मात्र त्याला जो तो नावं ठेवत होता. खालच्या काकूंनी विचारलं, "हे मेंढरू कुठून आणलं गं?" समोरचे काका म्हणाले, "उल्हासनगरचा माल ना? मग डुप्लिकेटच असणार." मी त्या काकांशी पुढे दोन महिने बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि सवयीने जिन्यात बसले. दप्तर खाली ठेवते न ठेवते तोच दाराआडून आवाज आला. बारीक, चिरका, कुणीतरी हुंदका गिळावा तसा. आई जाऊन तासभर झाला होता. तेवढा वेळ ते इतकंसं पिल्लू त्या घरात एकटं होतं, ड्रमच्या आणि नळाच्या सोबत. मला स्वतःची कधी इतकी दया आली नव्हती जेवढी त्याची आली. मी गळ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

ते पलंगाखाली सापडलं. त्याला मांडीवर घेऊन मी दार उघडंच ठेवून उंबऱ्यापाशी बसले, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. दोन वाजता भिंतीत घर्र घर्र सुरू झालं. पिल्लाने माझ्या फ्रॉकमध्ये डोकं खुपसलं. त्याचं सगळं अंग थाळी पडल्यावर थरथरलं होतं तसंच थरथरत होतं. मी त्याला घट्ट धरलं आणि म्हटलं, "अरे काही नाही. पाणी आलंय. वरच्या टाकीत चढतंय."

हे मला काकूंनी दहा वेळा सांगितलेलं होतं आणि दहाही वेळा पटलं नव्हतं. ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं तेव्हा मात्र पटलं. थोड्या वेळाने ड्रम वाजला. मी त्याला काखेत मारून स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "हा ड्रम. पाणी कमी-जास्त झालं, ऊन लागलं, की बोलतो." त्याला पटावं म्हणून मी ड्रमवर एक गुद्दा घातला. टण्ण! पिल्लू हातातून सुटून पलंगाखाली गेलं. मी मागे गेले, समजूत काढली, पुन्हा आणलं, पुन्हा गुद्दा घातला. ती अख्खी दुपार मी त्याला घर दाखवण्यात घालवली. केव्हातरी दार वाऱ्याने लागून गेलं, आणि ते लागल्याचं माझ्या लक्षातही आलं नाही.

पांढरं पिल्लू आलं असतं तर काय झालं असतं याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. ते धीट होतं. ते ड्रमपाशी जाऊन ड्रमला चाटत बसलं असतं, आणि मी जिन्यातच राहिले असते.

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले असताना एका दुपारी तीन वाजता बेल वाजली. पिल्लू नेहमीप्रमाणे पलंगाखाली पळालं. मी आतूनच दरडावून विचारलं, "कोण आहे?" बाहेर बाबा होते. डबा विसरलो होतो म्हणून आलो, म्हणाले. डबा त्यांच्या हातात होता. त्यांनी आत येऊन इकडेतिकडे पाहिलं. जमिनीवर माझी वही उघडी होती, गणितं सोडवलेली होती, शेजारी वाटीत पिल्लाचं दूध होतं. "जिन्यात बसायचीस ना तू?" त्यांनी विचारलं. "त्याला एकट्याला भीती वाटते," मी म्हटलं. ते पाणी प्यायले आणि कामावर परत गेले.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आई चकल्या पाडत होती. बाबांनी वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर पिल्लाला बसवलं आणि डोळ्यांवर आलेले त्याचे कुरळे केस कात्रीने कापायला घेतले. केस गळत नव्हते हे खरं, पण वाढत मात्र होते, आणि दोन्ही डोळ्यांवरचे सारखे कापण्यात बाबांचा अर्धा तास गेला. मग त्यांनी त्याच कात्रीने त्याच्या गळ्यातला लाल दोरा कापला. आपल्या पेटीतून हिरवा दोरा काढला आणि बांधला.

आईने झारा कढईवर तसाच धरला. "मग त्या पत्राचं काय करू?"

"कुठलं पत्र?" बाबा म्हणाले.

आईने गॅस बंद केला, खणातलं ते वहीचं पान काढलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि ते मुठीत धरून खुर्चीवर बसली. ती हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळलं की छातीवर इतके दिवस ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचललं. त्या शाळेतूनच ती पुढे निवृत्त झाली. पण तेव्हा मी हे सगळं पाहत असताना एक गोष्ट राहिली आहे असं मला वाटत होतं. मी गळ्यातली किल्ली काढून वर्तमानपत्रावर ठेवली.

"माझा पण बदला," मी म्हटलं.

बाबांना कळलं नाही. "किल्लीचा दोरा? चांगला आहे की."

"लाल आहे."

आई म्हणाली, "अगं, तो देवीच्या ओटीतला आहे. तू एकटी असणार, तर देवीने तुझ्यावर लक्ष ठेवावं म्हणून मी..." आणि ती मध्येच थांबली.

बाबा किल्लीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "जूनपासून तू हे गळ्यात घालून फिरतेयस," ते म्हणाले, "आणि तुला असं वाटत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी देवीचा दोरा काढला नाही. त्यालाच लागून हिरवा दोरा ओवला आणि गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी जमली. किल्ली माझ्या गळ्यात घालून ते म्हणाले, "इन्स्पेक्शन चुकलं माझं. दोन्हीकडे."

पिल्लू मध्ये येऊन माझ्या पावलावर बसलं होतं. मला हलता येत नव्हतं, आणि हलायचंही नव्हतं.